लिफ्टमधला सातवा माणूस

आमच्या नऊमजली इमारतीच्या लिफ्टमध्ये ‘आठ माणसे’ अशी पाटी आहे. लिफ्टवाले काका मात्र सहाच जणांना घेत, कारण स्वतःला ते दोन धरत. सातव्यापुढे हात आडवा करून म्हणत, “थांबा, माझा जोडीदार आत आहे,” आणि पोटावर थाप मारत. सगळे हसत. मी हसत नसे, कारण तो सातवा माणूस बहुतेक वेळा मीच असे. सातव्या मजल्यावरची, रोज उशिरा येणारी टायपिस्ट.

मग एका सकाळी काका मला जिन्यात दिसले. दुसऱ्याच मजल्यावर कठडा धरून धापा टाकत होते. म्हणाले, “डॉक्टरांनी दम दिलाय. आता कामावर बसण्याआधी रोज चढणार.”

नव्याचे नऊ दिवस, मी मनात म्हटलं. पण ते नऊ दिवस संपेचनात! प्रत्येक मजल्यावरून येणारा गोड चहा काका हात जोडून परत पाठवू लागले. डब्यातलं तळण गेलं, भाजी वाढली. दीड वर्षात एक सकाळ चुकली नाही. हल्ली ते नवव्या मजल्यापर्यंत न थांबता जातात, आणि मी तोंडात बोट घालून बघत राहते.

काल लिफ्टमध्ये सहा जण होते. मी सवयीनं जिन्याकडे वळले.

“ताई, या आत.”

जीव मुठीत धरून शिरले. लिफ्टनं हूं की चूं केलं नाही.

“काका, तुमचा जोडीदार?”

“तो उतरला,” काका म्हणाले. “एकेक पायरी करत.”