घाटावरच्या डब्याचं बटण

भूपेश नान्हे हा आरमोरी तालुक्यातल्या नदीकाठच्या एका ढीवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, गावातला पहिला इंजिनिअर. घरापासून वैनगंगा पाच मिनिटांवर. आजोबा डोंग्यात, वडील धनराजभाऊ डोंग्यात आणि भूपेश नागपूरला एका लहान कंपनीत, माझ्या शेजारच्या टेबलावर. कंपनीत आम्ही आठ माणसं. नदीकाठी बसवायचे डबे बनवतो. पाणी चढायला लागलं की डबा भोंगा वाजवतो आणि नदीतली माणसं बाहेर येतात. डब्यात जे कर्नेल चालतं, म्हणजे सगळ्या कामांना पाळीपाळीनं चालवणारा अगदी तळाचा प्रोग्राम, त्यातला बराचसा भूपेशनं लिहिलेला. पहिला डबा कुठे बसवायचा, यावर त्यानं कोणाला बोलूच दिलं नाही. आपल्या गावच्या घाटावर बसवला.

भादव्यात वरच्या धरणाचे दरवाजे उघडले आणि तो डबा वाजलाच नाही.

धनराजभाऊ पात्राच्या मधोमध रेतीच्या दांड्यावर जाळं काढत होते. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा त्यांना कळलं. डोंगा वाहून गेला, जाळं गेलं. ते पोहत एका बाभळीला जाऊन चिकटले आणि दोन तास तिथेच राहिले. भूपेशला हे आईनं, कुंताबाईंनी, फोनवर सांगितलं. "तुह्या डब्यानं तं तोंडच उघडलं नाई रे," एवढंच त्या म्हणाल्या. रागावली असती तर बरं झालं असतं, असं तो मला नंतर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं घाटावर. डब्यावर एक हिरवा लाइट आहे. दर मिनिटाला डबा पाण्याची उंची आपल्या मेमरी कार्डावर लिहितो. तेवढा एक सेकंद तो लाइट लागतो आणि विझतो. आम्ही पोचलो तेव्हा लाइट लागलेलाच होता. अर्धा तास बघत बसलो तरी विझला नाही.

"लिहिता लिहिता अडकला," भूपेश म्हणाला. "कार्ड खराब."

कार्ड बदललं. चार दिवसांनी डबा पुन्हा मुका झाला, लाइट तसाच लागलेला. पुन्हा कार्ड बदललं. मग बॅटरी बदलली. उन्हानं तापत असेल म्हणून वर पत्र्याची टोपी बसवली. एकदा तीन दिवसांनी अडकला, एकदा दुसऱ्याच दिवशी, मग सहा दिवस काहीच नाही. डबा अडकलाच तर आपोआप बंद होऊन पुन्हा चालू व्हावा अशी सोय होती, पण ती वेगळ्या घड्याळावर चालायची, आणि ते घड्याळ मजेत टिकटिकत असायचं. त्याच्या मते सगळं ठीक होतं.

गंमत म्हणजे असाच दुसरा डबा नागपूरला टेबलावर वीस दिवस न थांबता चालला होता. भूपेशनं त्याच्यावर पंख्याची हवा सोडली, पाणी शिंपडलं, तार हलवली, त्याचं बटण चारशे वेळा दाबलं. काही होईना.

हे बटणही भूपेशच्याच डोक्यातलं. डब्याच्या खालच्या बाजूला लाल रंगाचं. दाबलं की डबा आधी 'टुक्' असा आवाज करतो आणि मग आतली हकीकत लिहून ठेवतो: कोणतं काम चालू, कोणतं थांबलेलं, किती जागा उरली. बिघाड शोधायला ठेवलेलं. पण आमच्या बिघाडाच्या वेळी त्या हकीकतीत एक ओळही मिळत नसे. ज्या यंत्रानं आम्हाला चूक दाखवायची, तेच नेमकं तेव्हा गप्प. भूपेशच्या वहीत त्या आठवड्यातलं एक पान आहे. वर तारीख आणि खाली: कार्ड? नाही. ऊन? नाही. बॅटरी? नाही. मुंग्या? नाही. मी?

रीता मॅडमनी, म्हणजे आमच्या कंपनीच्या मालकीणबाईंनी, फोन केला. "गुरुवारपासून धरणाचे दरवाजे केव्हाही उघडतील असा निरोप आलाय. तोवर जमलं नाही तर डबा काढून आणा. खोटा भरवसा देणारा डबा नसलेला बरा."

तो सोमवार होता. आम्ही भूपेशच्या घरी मुक्कामाला होतो. कुंताबाई झिंग्याची भाजी वाढत होत्या.

"काढून नेजो," त्या म्हणाल्या. "पन तुह्या बाबाले तू सांग. मी नाई सांगत."

धनराजभाऊ भावाचा डोंगा मागून पुन्हा नदीत जायला लागले होते. ते जेवत राहिले. "डबा राहो का न राहो, मले जावंच लागते," म्हणाले. विषय संपला.

मंगळवारी पहाटे सगळे नदीत उतरायच्या आधीच आम्ही घाटावर जाऊन बसलो. ठरवून काही नाही. भूपेशला झोप लागत नव्हती आणि मला त्याच्या कुशी बदलण्यानं लागत नव्हती.

सर्वांत आधी मनसारामभाऊ आले. मच्छीमार संस्थेचे ते सर्वांत जुने माणूस. त्यांनी पाय धुतले, डब्यासमोर उभे राहिले आणि नुसते उभेच राहिले. मिनिटभरानं हिरवा लाइट लागला. त्यांनी पटकन हात घालून बटण दाबलं. 'टुक्' झालं. हात कपाळाला लावून ते डोंग्याकडे निघाले. मागून दुसरा माणूस येऊन तसाच उभा राहिला.

भूपेश उठलाच. "मनसारामभाऊ! हे का करून राह्यले?"

"का म्हंजे? इचारून राह्यलो."

"कोणाले?"

"तुह्या डब्याले. उतरू का म्हून. तो टुक् म्हनते, मंग आमी जातो. तुले नाई मालूम? मंग बनवला कसा?"

मागचा माणूस हसला. "इंजिनेर हाय तो, भाऊ. त्याले कायले मालूम राह्यते!"

"पन लाइट लागेपर्यंत थांबता काऊन?"

मनसारामभाऊंनी त्याच्याकडे लहान पोराकडे बघावं तसं पाहिलं. "डोळे मिटून असन त्याले काय इचाराचं? देव असो का मानूस, डोळा उघडल्यावर बोलाव."

"सगळेच असं करता?"

"पंधरा डोंगे हाय. पंधराही."

भूपेशचा चेहरा मी पाहत होतो. त्याला काहीतरी दिसलं होतं, पण ते काय हे अजून त्यालाच कळलं नव्हतं. त्यानं हळूच विचारलं, "आन लाइट लागून तसाच राह्यला तं?"

"तं लय चांगलं! दिवसभर पाहून राह्यला म्हनाचं. त्या रोजी आमी बेधडक जातो." मनसारामभाऊ पुढे म्हणाले, "तुह्या बाबाचा डोंगा गेला ना, त्या रोजी तसंच झालं होतं. धनराजनंच दाबलं होतं. डोळा उघडाच राह्यला, म्हून तं तो दांड्यापर्यंत गेला."

भूपेश घाटाच्या पायरीवर बसला.

पुढे त्यानं मला जे समजावलं ते असं. डबा पाण्याची नोंद लिहायला घेतो तेव्हा नोंदवहीला कुलूप घालतो, म्हणजे दुसऱ्या कोणी त्याच वेळी लिहून घोळ करू नये. बटण दाबणं ही कर्नेलच्या भाषेत इंटरप्ट: हातातलं काम जिथल्या तिथे सोडून आधी माझं ऐक, अशी हाक. डब्यात डोकं एकच. लिहिता लिहिता बटण दाबलं की लिहिणारा तिथेच थिजतो, बटणाचं काम सुरू होतं, 'टुक्' वाजतं. मग त्या कामालाही आपली हकीकत त्याच वहीत लिहायची असते. वहीला कुलूप. ते म्हणतं, उघडेपर्यंत थांबतो. पण किल्ली आहे लिहिणाऱ्याकडे, आणि लिहिणारा थिजलाय तो बटणाचं काम संपायची वाट बघत. दोघंही थांबले. भोंगा वाजवायचं काम त्यांच्या मागे रांगेत उभं.

"मी चारशे वेळा दाबलं," भूपेश म्हणाला. "पण मी लाइटकडे बघून नाही दाबलं. कोण बघतं?"

साठ सेकंदांतला एक सेकंद धोक्याचा. आमचा हात त्यावर क्वचित पडला असता, आणि त्या सेकंदातही कुलूप असतं ते निमिषभरच. इथे पंधरा माणसं रोज सकाळी नेमका तोच सेकंद शोधून बोट ठेवत होती; काही दिवसांत एखादं बोट नेमकं कुलपावर पडायचंच.

त्यानं मॅडमना फोन लावला. त्या ऐकून म्हणाल्या, "सोपं आहे. बटण काढून टाक."

"मॅडम, मग ते डब्याकडे बघणारच नाहीत. भोंगा वाजला तरी ऐकणार नाहीत."

"मग लाइट लागल्यावर दाबू नका म्हणून सांग त्यांना."

सांगून पाहिलं होतं. मनसारामभाऊ म्हणाले होते, "झोपेत उठवून इचारू का मंग? तुह्या सासऱ्याले इचारतेस का असा?" भूपेशचं लग्नच झालेलं नाही.

पहिली दुरुस्ती त्यानं मंगळवारी दुपारीच केली: लिहिणं चालू असेपर्यंत कोणतीच हाक ऐकायची नाही. बुधवारी सकाळी डबा अडकला नाही. पण लाइट लागल्यावर बटण दाबलं की 'टुक्' लाइट विझल्यावर यायला लागलं. मनसारामभाऊंनी तीनदा दाबून पाहिलं. "हे तं सोचून बोलून राह्यलं," म्हणाले, आणि डोंगा न सोडता परत गेले. त्यांच्यामागे आणखी चौघं. शिवाय पाण्याची उंची मोजणाऱ्या पट्टीकडून येणाऱ्या हाकाही त्या एका सेकंदात बंद. त्यातल्या काही हरवत होत्या. म्हणजे पाणी चढत असताना आम्हीच डब्याच्या कानात बोळे घातले होते. भूपेशनं ती दुरुस्ती पुसून टाकली. मला वाटलं होतं तो चिडेल. तो नुसता गोंधळलेला होता, जसा महिनाभर होता.

"बरोबर काय तेच कळत नाही," तो म्हणाला. "ऐकलं तर मरतो. नाही ऐकलं तर बहिरा."

दुपारभर तो ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसला. आपलंच कर्नेल तो परक्याचं असल्यासारखं वाचत होता. संध्याकाळी लिहिलं ते इतकंच: बटणाची हाक ऐकायची, 'टुक्' लगेच म्हणायचं. वहीला कुलूप आहे का ते एकदाच बघायचं. उघडी असली तर लिहायचं. बंद असली तर एक क्षणही थांबायचं नाही. बाजूला एक खूण करून परत फिरायचं. लिहिणाऱ्याचं काम संपलं की त्यानंच ती खूण बघून हकीकत लिहायची. बावीस ओळी. त्यातल्या नऊ नुसत्या, हे असं का, हे पुढच्या वाचणाऱ्याला सांगणाऱ्या.

"झालं?" मी विचारलं.

"माहीत नाही. अडकला नाही म्हणजे झालं, की अजून अडकायचाय?"

त्या रात्री जेवताना त्यानं वडिलांना सांगितलं की लाइट लागून तसाच राहिला तर तो पाहत नसतो. तो मेलेला असतो. धनराजभाऊंचा घास थांबला.

"मंग आमी इतके दिवस मेलेल्याच्या भरोशावर उतरत होतो?"

कुंताबाईंनी भाताचं पातेलं उचलून आत नेलं.

गुरुवारी पंधराच्या पंधरा डोंगे गेले. 'टुक्' लगेच येत होतं, म्हणून मनसारामभाऊही गेले. आम्ही डब्याजवळ बसून राहिलो. लाइट लागे, विझे. दर वेळी विझला की भूपेश श्वास सोडायचा. दहाच्या सुमारास आधी पाण्याचा रंग बदलला आणि मग भोंगा वाजला. इतका मोठा वाजतो हे मला माहीत नव्हतं. आम्ही दोघंही दचकलो. नदीत एकेक डोंगा वळताना दिसला. मनसारामभाऊ जाळं सोडायला तयार नव्हते, तर धनराजभाऊ भर पात्रातून त्यांच्यावर ओरडत होते, "सोडा ना बे भाऊ! बाभळीवर जागा नाई दोघाईले!" पंधरा डोंगे काठाला लागले तेव्हा दांडा पाण्याखाली गेलेला होता.

भूपेशनं डब्याला लॅपटॉप जोडला. सकाळी बटण एकोणीस वेळा दाबलं गेलं होतं. त्यातल्या एका वेळी वहीला कुलूप होतं, आणि तीही हकीकत मागाहून, पूर्ण लिहिलेली होती. ती खूण पाच अठ्ठावन्नची. त्या वेळी डब्यासमोर कोण होतं ते आम्ही दोघांनी पाहिलं होतं.

धनराजभाऊ ओलं लुगडं पिळावं तसं धोतर पिळत उभे होते. भूपेश त्यांच्याजवळ गेला.

"बाबा, सकाळी तुमी दाबलं ना, तेव्हाच अडकला असता. जुनाच प्रोग्राम असता तं आज भोंगा वाजलाच नसता."

"मंग पह्यलेच काऊन नाई असं केलं?"

विचारण्यात राग नव्हता. खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं होतं. कुलूप, इंटरप्ट, एकच डोकं, सगळं भूपेशच्या तोंडाशी येऊन परत गेलं.

"मले वाटलं होतं," तो शेवटी म्हणाला, "बटण मी एकटाच दाबीन."