महिपतची सावकाश गाडी

दापोली डेपोत महिपत ड्रायव्हरची गाडी लागली की म्हाताऱ्या आधी देवाचं नाव घेत आणि मग पायरी चढत. कामाला चोख, दारूला न शिवणारा, पण पायात वारं भरलेलं. घाट असो की बाजार, त्याला सगळीकडे आधी पोचायचं असे. जेवायला बसला तरी आमटी वाढून होईपर्यंत अर्धी भाकरी पोटात. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण बायकोचं, तुळसाचं, एखादं वाक्य त्याने शेवटपर्यंत ऐकलं असेल तर शपथ. माणूस वाईट नव्हता. घाईत होता, एवढंच.

त्यांना मूल नव्हतं. महिपत ते बोलून दाखवत नसे, पण वाट बघत होता. अशात सत्त्याऐंशी सालच्या पावसाळ्यानंतर तुळसाच्या ओटीपोटात डावीकडे जड जड वाटू लागलं. दापोलीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की अंडाशयावर गाठ आहे, बहुतेक आत पाणी भरलेली. अशा गाठी पुष्कळ बायकांना येतात नि आपोआप जिरतात, तेव्हा दोन-तीन पाळ्या वाट बघू. वाट बघितली. गाठ जिरली तर नाहीच, वाढून हापूस आंब्याएवढी झाली. मग बाई म्हणाल्या, आता रत्नागिरीला जा, तिथे सोनोग्राफीचं यंत्र आलंय, गाठ आतून कशी आहे ते त्यात दिसेल. ऑपरेशन लागलंच तर गाठ तेवढी सोलून काढतील आणि अंडाशय राखतील. काही वाईट असल्याचा संशय आला तर अंडाशयासकट काढावी लागेल. पण एक गेलं तरी दुसऱ्यावर पाळी चालू राहते, मूलही होऊ शकतं.

"एक मात्र ध्यानात ठेवा," बाई शेवटी म्हणाल्या, "ही गाठ देठाला लोंबत असते. त्या देठाला पीळ पडला तर एकाएकी जोराचं दुखतं, उलट्या होतात. तसं झालं तर एक क्षण थांबू नका."

महिपतने रिवाजाप्रमाणे अर्धंच ऐकलं. देठ आणि पीळ एवढं त्याच्या डोक्यात बसलं. पुढचं बोलणं चाललं तेव्हा त्याचा हात दाराच्या कडीवर होता.

देठाला लोंबणारा आंबा कशाने हलतो? धक्क्याने. आणि दापोली ते रत्नागिरी रस्त्यात धक्क्यांना काय तोटा! महिपतने ओळखीपाळखी लावून तिला न्यायच्या दिवशीची रत्नागिरीची ड्युटी मागून घेतली. दुसऱ्या कुणाच्या हाती तो तुळसाला सोपवणार नव्हता. तिला पुढच्या बाकावर, आरशात दिसेल अशी बसवली, पाठीशी गोधडीची घडी दिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने गाडी सावकाश सोडली.

सावकाश म्हणजे किती? खड्डा दिसला की गाडी जवळजवळ थांबे, एक चाक अलगद उतरे, मग दुसरं. खेडला जगबुडी नदीवर धुकं होतं. पूल दिसत नव्हता, गाडी धुक्यातूनच पलीकडे गेली. परशुरामच्या घाटात वळणामागून वळण येत होतं नि खाली वाशिष्ठी चकाकत होती. उघड्या खिडक्यांतून मोहोराचा वास आत येऊन बसला. सुरुवातीला लोक कुरकुरले. कंडक्टर दादू जवळ येऊन म्हणाला, "म्हैपत, गाडी हाकतोस का पाळना?" म्हणाला आणि त्याने जीभ चावली, कारण तुळसा समोरच होती.

पण चिपळूण मागे पडलं तशी गाडीवर झोप उतरली. एकेक मान कलली. टोपलीतल्या कोंबड्याही गप्प झाल्या, दादू तिकिटांची पेटी मांडीवर घेऊन पेंगू लागला. महिपतला वाटलं, सगळं जग निजलंय आणि आपण ते उचलून हलक्या पायांनी कुठेतरी घेऊन चाललोय. रस्त्याकडेचे आंबे, चिऱ्याचे गडगे, पाणी भरणाऱ्या बायका त्याला अशा कधी दिसल्याच नव्हत्या. याच रस्त्याने तो वर्षानुवर्षं जात होता की. दर थोड्या वेळाने तो आरशात बघे. तुळसाचे डोळे मिटलेले, हात पदराखाली पोटावर. झोपलीय, बरं झालं, असं म्हणून तो आणखी हळू जाई. इतकं सुख त्याला गाडी पळवताना कधी झालं नव्हतं.

हातखंब्याला गाडी वळली आणि तुळसा खिडकीबाहेर ओकली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, अंगाला घाम सुटला होता. मग मात्र महिपतने गाडी अशी पळवली की लोक जागे होऊन दांडे धरून बसले.

यंत्रात बघायला वेळच उरला नव्हता. तिला सरळ ऑपरेशनला घेतली. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले की देठाला पीळ बसला होता, रक्तपुरवठा तुटून अंडाशय काळं पडलं होतं, काढावं लागलं. दुसरं चांगलं आहे, मुलाची आशा सोडू नका.

"पन मी एक धक्का बसू दिला नाय, सायेब."

"पीळ आपला आपणही पडतो. दोष गाडीचा नाही," डॉक्टर म्हणाले. "पण दुखायला लागल्या लागल्या आला असतात तर कदाचित वाचलं असतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी तुळसा बोलण्याजोगी झाली. महिपत खाटेशेजारी स्टुलावर बसला होता.

"कवापासनं दुखत व्हतं गो?"

"सावर्ड्यापासनं."

सावर्डं म्हणजे निम्मी वाट. महिपतच्या मस्तकात तिडीक गेली. "आनि बोलली नायस?"

"तुमी आरशातनं माज्याकडं बघत व्हतात," तुळसा म्हणाली. "नऊ वर्सांत येवढा येळ तुमी माज्याकडं बगितलं नायत. बोलले असते तर गाडी पळवली असतीत. म्हटलं, आजून थोडा येळ ऱ्हाऊंदे."

महिपतला रडू कोसळलं. वॉर्डातल्या बायका बघत होत्या, त्याची त्याला लाज वाटली नाही. परतीच्या गाडीची वेळ झाली म्हणून दादू दारात येऊन उभा राहिला, तेव्हा त्याने मान न वळवताच, दुसरा ड्रायव्हर घेऊन जा, असं त्याला हाताने खुणावलं. मग डोळे पुसून त्याने स्टूल खाटेला आणखी जवळ ओढलं.

"आनि कुठं कुठं दुखलं गो तुला, इतक्या वर्सांत?"

तुळसाने मान त्याच्याकडे वळवली. मग हळूहळू सांगू लागली, आणि तो ऐकत बसला.