घशातले घरचे

घशाच्या तपासणीत वावगं काही निघालं नाही की जंतू वाढवायची ती काचेची बशी आमच्या प्रयोगशाळेत सरळ बादलीत जायची. मदतनीस हिराताई मात्र ती आधी खिडकीशी नेऊन न्याहाळत बसायच्या. "मॅडम, काय नाय असं कसं? घरचे हायत ना सगले!" घरचे म्हणजे निरोगी घशात कायम नांदणारे जंतू. रिपोर्टात आम्ही त्यांना एका ओळीत उरकायचो.

नव्वदच्या दशकातली वसईतली ती छोटी प्रयोगशाळा. डिग्री माझी, नजर त्यांची. जवळच्याच राजोडी गावच्या, बारावी नापास. टॉन्सिल काढलेल्यांच्या बशा वर्षानुवर्षं पाहून एकदा म्हणाल्या, "घरचे शाबूत असले तं जखम लवकर भरते. भरल्या घरात चोर शिरत नाय." मी हसले होते.

मग त्यांच्या नवऱ्याच्या घशातली गाठ काढली. गाठ साधीच निघाली, पण जखम भरेना. सर्जन दर आठवड्याला अँटिबायोटिक बदलत, वर जहाल गुळण्या. हिराताई स्वतःच नवऱ्याच्या घशातला नमुना घेऊन यायच्या. तिसऱ्या बशीत घरचं कुणी उरलं नव्हतं, नुसती पांढरी बुरशी.

"मॅडम, एवढं लिवा. औषधं थांबवून बघा म्हना. माझं कोन ऐकनार? सही तुमची हाय."

मला पटलं होतं. पण आमचे निम्मे पेशंट त्याच सर्जनकडून येत. मी भीतभीत फोन केला.

"तुम्ही रिपोर्ट द्या, सल्ला नको," ते म्हणाले.

मी "बुरशी आढळली" एवढंच लिहिलं. त्यांनी बुरशीचं औषध वाढवलं, आधीचं एकही थांबवलं नाही.

दोन महिन्यांनी हिराताईंनीच वैतागून सगळं बंद केलं. तीन आठवड्यांत जखम भरली, पण इतके दिवस चिघळलेला घसा आकसला होता. किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पुकारणारा तो माणूस कुजबुजण्यावर आला.

हिराताई कामावर यायच्या थांबल्या, तेव्हा मी राजोडीला गेले. त्यांनी चहा दिला. ओटीवर नवरा पेज गिळत होता, प्रत्येक घोटाला मान खाली दाबून.

"हिराताई, मी लिहायला हवं होतं."

वाटलं, म्हणतील, जाऊ द्या मॅडम.

"हो," त्या म्हणाल्या. "लिवायला पायजे व्हतं." आणि कप उचलून आत गेल्या.