दाजींची सायकल

साताऱ्याहून कुंडलला मी आजवर रेल्वेनेच गेलो. या खेपेस पन्नासएक मैल सायकलवरून गेलो, कारण सायकलच पोचवायची होती. लढाई संपून वर्ष झाले तरी नवी सायकल सहज मिळत नव्हती. खटपट करून मिळवली ती थोरल्या बहिणीच्या यजमानांसाठी, दाजींसाठी.

त्यामागचे कारण मी बायकोलाही सांगितले नव्हते. सात वर्षांपूर्वी कुंडलला गेलो असता दाजींची सायकल घेऊन मी ताकारीला जाऊन आलो. वाटेत पुढच्या ब्रेकचा नट कुठेसा पडला. पाहुण्याने सायकल मोडून आणली हे सांगायची लाज वाटली. मी ती मुकाट्याने भिंतीला लावली आणि संध्याकाळची गाडी धरली. दुसऱ्या दिवशी शाळेत शिकवायला जाताना दाजी उतारावर पडले. गुडघा मोडला. तेव्हापासून ते दोन मैल लंगडत शाळेला जातात. ‘आता एवढे चालणे होत नाही, पण पायडल मारण्याइतका पाय वाकतो,’ असे आक्काचे पत्र आले तेव्हा मी ठरवले, सायकल न्यायची आणि या वेळी सगळे सांगायचे.

आमच्या घरची रीत बैलगाडीची. लांब निघायचे तर चाकाला एरंडेल हवेच. मी आस, साखळी आणि दोन्ही चाकांच्या लोखंडी धावाही एरंडेलाने माखल्या. बायकोने हळदकुंकू लावून नारळ फोडला. खिंडवाडीच्या उतारावर मी ब्रेक दाबला, आणखी दाबला, पण सायकल थांबेना. पाय घासत घासत शेवटी बाभळीच्या कुंपणात शिरलो. एका चपलेचा अंगठा तिथेच राहिला.

पुढे प्रत्येक उतार मी पायी उतरलो. नागठाण्यानंतर डावे पायडल टकटक करू लागले. अतीतच्या अलीकडे हँडल एकीकडे आणि चाक दुसरीकडे बघू लागले. पिशवीत पाना होता, पण कोऱ्या वस्तूला पाना लावायला हात होईना. उंब्रजला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आले होते आणि मांड्यांत गोळे उठले होते.

तिथे रस्त्याकडेला एका मिस्त्रीचे छप्पर होते. माणूस नुकताच मिलटरीतून परतलेला. त्याने धावेवर बोट फिरवले आणि हुंगले.

“एरंडेल? आवं, बैलं कुठं सोडली?”

“नवी आहे, म्हणून जरा...”

“ब्रेकाचं रबर तेलावर झोपतंय, सायब. लष्करात ही करणी केली असती तर हवालदारानं तुमालाच पुसाय लावलं असतं.”

राख आणि चिंध्या माझ्या हातात देऊन त्याने खरोखरच मला पुसायला लावले. तोवर त्याने कॉटर (पायडलचा दांडा आसाला धरणारी खीळ) ठोकून बसवली आणि हँडल सरळ केले.

“नवी असून इतकी ढिली?” मी विचारले.

“नवी म्हंजे नीट न्हवं. नवी म्हंजे अजून एकमेकाला मिळाल्याली न्हाई. पयल्या पन्नास मैलात समदं आवळाय लागतंय. कुणाला द्यायची म्हणता ना? मग काय ढिलं हाय ते सांगून द्या. न्हाईतर पडतंय माणूस.”

त्याने आपल्यातली भाकरी आणि खर्डा (ठेचलेली मिरची) पुढे केला. मी हातातला घास तसाच खाली ठेवला. मिरचीने, असे त्याला वाटले.

रात्री कऱ्हाडच्या धर्मशाळेत अंग टाकले. सकाळी कृष्णा ओलांडून उसाच्या फडांमधून निघालो. गाड्यांच्या चाकोऱ्यांत सायकल धडपडत होती. ताकारी आली तशी मी सायकलवरून उतरलो. दमलो होतोच, पण आणखी थोडा उशीर व्हावा असेही वाटत होते.

कुंडलला दाजी ओट्यावर बसले होते. सायकल पाहून हसले, माझा हात धरून उठले आणि पहिल्यांदा पुढचा ब्रेकच दाबून पाहिला. त्या हाताकडे बघत मी उभ्यानेच सारे सांगून टाकले. नट, भिंत, संध्याकाळची गाडी. आक्का दारातच थबकली.

दाजींनी ब्रेकवरचा हात काढला.

“मी पडलो त्याच्या आदल्या आठवड्यात गणू लोहारानं ब्रेक आवळला हुता,” ते म्हणाले. “सात वर्सं मी त्याच्या दाराम्होरनं जात न्हाई. चारचौघांत त्याला फुकटखाऊ म्हणलो. लेकीच्या लग्नाचं बोलावणं घिऊन आला, तर त्याला दारातनं लावून दिलं.”

मी ओट्याच्या कडेला टेकू लागलो.

“बसू नका, अण्णा. चला. हे तुमीच सांगायचं त्याला.”

आम्ही गेलो. मधे सायकल, एका बाजूला दाजी लंगडत, दुसऱ्या बाजूला मी, तुटक्या चपलेने. गणू भात्याजवळ होता. मी बोलत होतो तेव्हा तो माझ्याकडे नाही, दाजींच्या गुडघ्याकडे बघत होता.

“लय वर्सं झाली मास्तर हितं बसून,” एवढेच तो म्हणाला आणि घोंगडे झटकून दाजींना बसायला टाकले. मग पाना माझ्या हातात दिला. “पुढचा नट तुमी आवळा.”

मी सारा जोर लावून आवळला. त्याने हाताने तपासला आणि आणखी पाव फेरा दिला.

परतताना रेल्वेत सारे अंग ठणकत होते, तरी झोप लागली नाही. दाजींच्या गुडघ्यासाठी मी सायकल नेली. पण गणूच्या लेकीच्या मांडवात दाजींची जागा रिकामी राहिली, याची मला सात वर्षे खबरही नव्हती. तिथे काय नेऊन द्यावे, ते साताऱ्याला पोचेपर्यंत सुचले नाही.