घास उतरेपर्यंत

आई गेल्या, हे सांगायला महाडच्या दवाखान्यातून मी भावोजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना, मुंबईला फोन केला. पलीकडून पहिलंच वाक्य आलं, "शेवटी पेज पाजून पाजून उपाशीच मारलीत ना आईला, वहिनी!" तेराव्यापर्यंत तेच वाक्य आमच्या तुडील गावभर फिरलं. मी ते विसरलेली नाही, विसरणारही नाही.

माझ्या सासूबाई स्वतः हात आखडून वाढणाऱ्या कधीच नव्हत्या. मी नवी नवरी असताना माझ्या ताटात भात लोटत म्हणायच्या, "खा गो, नायतर वाऱ्यानं उडशील." त्याच आईंची अल्झायमरनं आधी माणसांची ओळख नेली, मग बोलणं आणि शेवटी गिळणंसुद्धा. तोंडात घास धरून तशाच बसायच्या... साध्या पाण्यानंही ठसका लागायचा. डॉक्टरांनी शिकवलं तसं मी त्यांना ताठ बसवून, हनुवटी खाली घेऊन, नाचणीची दाट पेज तूप घालून चमच्याचमच्यानं भरवायची. एक घास उतरला की मगच दुसरा. वाटीभर पेजेला तास जायचा. पण गावाच्या लेखी पोटात भात नाही म्हणजे माणूस उपाशीच.

शिमग्याला पालखी दारात आली. खाटेवर आडव्या असलेल्या आईंच्या तोंडात भावोजींनी प्रसादाचं खोबरं घातलं आणि वरून तांब्यानं पाणी ओतलं. मी धावले, तर भरल्या अंगणात म्हणाले, "देवाचा प्रसाद हाय, वहिनी. त्यानं कोण मरत नाय!" पालखीसमोर कोण बोलणार? आई काळ्यानिळ्या पडल्या. खोबरं मी बोटानं काढलं, पाणी मात्र छातीत गेलं होतं. दुसऱ्या दिवशी भावोजी मुंबईला परत गेले, इकडे आईंना ताप चढला. न्यूमोनिया झाला होता, त्यातच त्या गेल्या.

परवा धाकट्या जावेचा फोन आला. तिच्या आईचीही आता तीच गत, घशाखाली काही उतरत नाही. त्या म्हातारीवर माझा कसला राग? सगळं नीट सांगितलं. अट एकच घातली, रात्रीचं भरवायचं ते भावोजींनी, आणि व्हिडिओ कॉलवर, माझ्यासमोर.

आता रोज ते चमचा धरून बसतात. पाय अवघडतात, घाम पुसतात, मी बघत राहते. मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? काल मान खाली घालून म्हणाले, "वहिनी, आईच्या वेळेला माझ्याकडून..."

"बोलू नका, भावोजी," मी म्हटलं. "त्यांचा घास उतरायचाय अजून."