राजाला चौकशीचा अधिकार असतो

राजेसाहेबांची आम्हाला भीती वाटे, आणि त्यांनी मुकुट उतरवून ठेवल्यावरही ती ओसरत नसे. रावपुऱ्यातल्या आमच्या हौशी नाटकमंडळीचे ते दिग्दर्शक. राजाची भूमिकाही त्यांचीच. तालीम सुरू झाली की दार बंद. नंदेसरीच्या कारखान्यातून मी धापा टाकत पोहोचलो, तर आतून आवाज येई, "बाहेर छानोमानो बेस, अगदी गुपचूप. ऐकूनही पाठ होतं."

विंगेत प्रॉम्प्टर ठेवायचा नाही, हा त्यांचा सर्वांत कडक कायदा. "वाक्य विसरला, त्याला पुढच्या नाटकात भूमिका नाही. दया मागायची ती नाटकात."

त्या वर्षी आम्ही एक जुनं विनोदी नाटक बसवलं. शत्रूच्या शहरातला माणूस सापडला की सूर्यास्ताला फाशी, असा त्यातल्या राज्याचा कायदा. पकडला गेलेला म्हातारा व्यापारी मी. पडदा उघडताच राजाला माझी लांबलचक हकीकत सांगायची; ती प्रेक्षकांना कळली नाही, तर पुढचे सगळे घोटाळे फुकट.

प्रयोगात राजेसाहेबांनी सिंहासनावरून माझ्याकडे पाहिलं आणि माझं डोकं रिकामं झालं. प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं. राजेसाहेब उठले. आता पडदा पाडतील, असं वाटलं. ते पायऱ्या उतरून जवळ आले.

"म्हाताऱ्या, तुझं जहाज वादळात बुडालं?"

"होय, महाराज."

"आणि मुलगा हरवला. त्याला शोधत आलास?"

"होय, महाराज," म्हणता म्हणता पुढचं वाक्य आपोआप तोंडात आलं.

प्रयोगानंतर मी त्यांच्यासमोर मान खाली घालून उभा राहिलो.

"पुढच्या नाटकात तू पडदा ओढशील. कायदा म्हणजे कायदा," ते म्हणाले. मग मुकुट काढत हळूच म्हणाले, "मी प्रॉम्प्टिंग केलेलं नाही हं. राजाला चौकशीचा अधिकार असतो."

गेल्या वर्षी अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली. निजामपुऱ्यातल्या इस्पितळात त्यांची मुलगी विचारत होती, "बाबा, पाणी हवं? उशी उंच करू?" ते मान हलवून नाही म्हणत आणि अधिकच कासावीस होत. त्यांच्या डोळ्यांत जे होतं, ते मी ओळखलं. जवळ वाकलो.

"राजेसाहेब, भीती वाटते?"

त्यांनी डोळे मिटले, मान डोलावली. होय.

"मी इथेच बसू?"

होय.

थोड्या वेळाने नर्सने मला बाहेर काढून आयसीयूचं दार लावलं. संध्याकाळी राजेसाहेब गेले. तोवर मी दाराबाहेर बसून होतो, छानोमानो.