समुपदेशक म्हणून मी जुळवलेला एक संसार

हे लिहायचं मी वर्षभर टाळलं. आधी मोतीबिंदूचं कारण होतं. शस्त्रक्रिया होऊन स्वच्छ दिसायला लागलं, तेव्हा गुडघ्यांचं कारण काढलं. गुडघ्यांनी कोणी लिहीत नाही, हे मला ठाऊक आहे. नावं मात्र लिहिणार नाही. तेवढं तरी उशिरा शिकलो.

इकडे मध्य प्रदेशात पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, तशी आमच्या सौंसरातल्या रिकाम्या पेन्शनरांनाही काहीतरी मोठं काढायची हौस आली. आम्ही कुटुंब समुपदेशन केंद्र काढलं. निवड सोपी होती. ज्याचे केस पिकलेले, आवाज मोठा आणि दुपार मोकळी, तो समुपदेशक. मी पस्तीस वर्षं भूगोल शिकवला होता. नवराबायकोच्या भांडणाला तेवढं पुरेसं समजलं गेलं. पांढुर्ण्याच्या एका मंगल कार्यालयात एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. नागपूरहून आलेल्या बाई गोपनीयतेवर फार चांगल्या बोलल्या म्हणे. त्यांचं ते सत्र ऐन जेवणाच्या तोंडावर होतं आणि मी भरल्या वांग्यांची चौकशी करायला मागच्या बाजूला गेलो होतो. प्रमाणपत्र मिळालं, तेही लॅमिनेट केलेलं.

आमच्याकडे पहिलीच केस आली ती लोधीखेड्याच्या मुलीची. बारावी सायन्स झालेली, सौंसरात दिलेली, दोन वर्षांत मार खाऊन माहेरी परतलेली. नवऱ्याचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान. दोन्हीकडची मंडळी आली. मी आधी तिला एकटीला आत बसवलं.

“गुरुजी, तुमाले एकट्याले सांगून राहिली,” ती म्हणाली. “म्या नर्सिंगचा फारम भरला, छिंदवाड्याले. नंबर लागला तं मी सोताच घरी सांगीन. तवरी कोनाले बोलू नोका.”

“पोरी, माह्या पोटातून गोष्ट बाहेर नाही येत.” माझ्या पोटाबद्दल इतकी खात्री मला कुठून आली, देव जाणे.

मग सगळ्यांना समोरासमोर बसवलं. तासभर झाला तरी कोणी नमेना. आमचे अध्यक्ष दारातून दोनदा डोकावून गेले. पहिलीच केस मोडली तर केंद्राची शोभा झाली असती. तेवढ्यात तिचा मामेसासरा म्हणाला, “पोरीचं ध्यानच नाही घरात.” मला वाटलं, आता तिची बाजू मांडावी. मी खाकरलो.

“ध्यान हाये, पन अभ्यासात! नर्सिंगचा फारम भरला तिनं. अभिमान बाळगा, घरच्या घरी इंजेक्शन भेटन तुमाले!”

माझ्या विनोदावर मीच हसलो. सासूने अगदी गोड आवाजात विचारलं, “मंग कागद कुठी हायेत, बाई?”

मुलगी माझ्याकडे पाहत होती. सासूकडे नाही, माझ्याकडे. मी म्हणालो, “सांग ना, लाजू नोको.”

“आईच्या पेटीत.”

पुढे समझोता पंधरा मिनिटांत झाला. तिने नांदायला यायचं, नवऱ्याने हात उचलायचा नाही, आणि तिची मूळ कागदपत्रं सासरी सुरक्षित ठेवायची. शेवटची अट सासूची होती, ‘सुरक्षित’ हा शब्द माझा. माझं अक्षर वळणदार, म्हणून लिहिलंही मीच. अध्यक्षांनी पेढे वाटले. प्रजासत्ताक दिनी मला शाल मिळाली.

तिचा नंबर लागला. एका दुपारी ती माझ्या दारात आली, हातात भाजीची पिशवी, म्हणजे कोणाला शंका नको.

“गुरुजी, कागद मागून द्या ना. सापडून नाही राहिले म्हनतात. परवा शेवटची तारीख हाये.”

मी तिला बस म्हणालो नाही. “केंद्राचं काम समझोत्यापर्यंतच राह्यते, बेटा. आता घरात शांतता हाये नं? मंग जरा सबुरीनं घे.”

याला आम्ही केंद्रात तटस्थता म्हणत असू. खरं म्हणजे मला धास्ती होती, की कागद मागितले आणि संसार पुन्हा फिसकटला, तर मिळालेली शाल कोणत्या तोंडाने पांघरायची? ती “बरं” म्हणाली आणि बाजाराकडे वळली. कागद पुढे दिवाळीच्या साफसफाईत सापडले म्हणे. तोवर प्रवेश कधीच संपले होते.

गेल्या महिन्यात मी एक वाक्य पाठ करून तिच्या घरी गेलो. नवऱ्याने स्वतः खुर्ची पुसली. “या गुरुजी! तुमी होते म्हून माहा संसार टिकला. अवं, चाय मांड, गुरुजी आले!”

ती चहा घेऊन आली. नवरा हलायचं नाव घेईना. त्याच्यासमोर माफी मागणं म्हणजे तिची गोष्ट पुन्हा चारचौघांत उघडी करणं, असं मी स्वतःला समजावलं. ते खरंही असेल. सोयीचं तर होतंच. ती रिकामा कप घ्यायला आली, क्षणभर थांबली. मी म्हणालो, “चाय मस्त झाला, बेटा.”

पाठ केलेलं वाक्य असं होतं: “पोरी, तू मले एकट्याले सांगतलं होतं आन् म्या चारचौघांत बोललो, मंग तू कागदासाठी दारात आली, तं मले तुह्यापेक्षा माहं नाव प्यारं झालं. मले माफ कर.”